बाईंना विचारा

चहा कपात ओतून झाला होता, काका पेपरची घडी उलगडत होते आणि बाई खुर्ची ओढून टेकणार, एवढ्यात दार वाजलं. आधी एकदा, मग जरा थांबून दोनदा.

"घे, आलं तुझं बोलावणं," काका पेपराआडून म्हणाले.

काकांनी उभी हयात हॉस्पिटलची अँब्युलन्स चालवली. सायरन वाजवत रस्ते मोकळे करण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हौस उरली होती. सकाळचा चहा निवांत प्यायचा, आणि तो पिताना बायको समोर बसलेली असावी. हौस काही फार मोठी नव्हती, पण पुरी होत नव्हती. कारण बायको त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीची प्रमुख, आणि हॉस्पिटलने दिलेलं हे दोन खोल्यांचं घर लाँड्रीच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. तिथे काहीही अडलं की कुणीतरी एप्रनला हात पुसत इकडे पळत यायचं.

बाईंनी दार उघडलं. बाहेर धाकटी उभी होती. लाँड्रीत सगळ्यांत नवी म्हणून तिचं नाव धाकटी पडलेलं. हात कोपरापर्यंत साबणाने माखलेले, आणि श्वास लागलेला.

"बाई, म्हातारी अडून बसलीय! दारच उघडत नाही. ऑपरेशनची सगळी कापडं आत आहेत, वरून दोनदा फोन आला."

"नेमकी आजच?"

"नेमकी आजच. आणि बाई, ते पायरीवाले साहेब आलेत. दारात उभे राहून सगळं बघतायत."

बाईंनी चपला पायात सरकवल्या. काकांनी पेपर खाली केला, भरलेल्या कपाकडे बघितलं आणि मुकाट्याने त्यावर बशी झाकली. ती झाकून काही उपयोग नसतो हे त्यांना माहीत होतं. पण तेवढं एक ते रोज करायचे.

पायरीवाले साहेब म्हणजे तपासनीस. महिन्यापूर्वी हॉस्पिटलने सगळ्या विभागांना कळवलं होतं की बाहेरून एक तपासनीस येतील, प्रत्येक विभागाचं कामकाज बघतील आणि तो विभाग पाचपैकी कितव्या पायरीवर आहे ते सांगतील. वर्षअखेर निदान तिसरी पायरी गाठायची. जो विभाग गाठणार नाही, त्याचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला जाईल. लाँड्रीत ते पत्र रेडिओने मोठ्याने वाचून दाखवलं. रेडिओ म्हणजे इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी, कधीही गप्प न बसणारी बाई. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पाच पायऱ्या म्हणे! म्हणजे एकविसाव्या शतकात कपडे धुवायला परत नदीवर जायचं की काय?" सगळ्या हसल्या होत्या. मग कंत्राटदाराचं वाक्य तिने दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

बाई मात्र तेव्हाही निश्चिंत होत्या. आपली लाँड्री म्हणजे हॉस्पिटलचं नाक, हे त्यांचं ठाम मत होतं. चादर कमी पडली म्हणून कधी पेशंट उघड्या गादीवर झोपला नाही. ऑपरेशनची हिरवी कापडं उशिरा गेली म्हणून कधी डॉक्टरांना हात वर धरून ताटकळावं लागलं नाही. डाग बघून तो रक्ताचा की औषधाचा की नुसत्या चहाचा, हे बाई लांबूनच सांगायच्या. "तपासू दे की," त्या म्हणाल्या होत्या. "सोन्याला काय आगीची भीती दाखवता?"

लाँड्रीत शिरताच नेहमीचा वाफेचा आणि ओल्या सुताचा वास आला. मळके कपडे एका दाराने आत यायचे, धुतलेले दुसऱ्या दाराने बाहेर जायचे, मधली भिंत ओलांडायची नाही हा तिथला पहिला नियम. त्या भिंतीतच मोठं मशीन बसवलेलं होतं, तीच म्हातारी. हॉस्पिटलमधल्या निम्म्या डॉक्टरांपेक्षा तिची नोकरी जास्त झाली होती. ती धुवायची झकास, पण मनात आलं की दार घट्ट मिटून बसायची.

तपासनीस बाजूला उभे होते. मध्यम वयाचे, जरा पोक काढून चालणारे, आवाज इतका हळू की रेडिओला गप्प बसून ऐकावं लागावं. बाईंनी त्यांना मान लववून नमस्कार केला आणि सरळ म्हातारीसमोर गेल्या. दाराच्या कडीखाली एक विशिष्ट जागा होती. तिथे तळहाताच्या टाचेने दोन धपाटे मारायचे आणि तिसऱ्याला कमरेचा धक्का द्यायचा. जोर किती लावायचा ते बाईंनाच ठाऊक. कमी लावला तर दार उघडत नाही, जास्त लावला तर म्हातारी बंदच पडते.

धप, धप, आणि कमरेचा धक्का. दार उघडलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बाई, तुमच्या हातात जादू आहे!" रेडिओ ओरडली. तपासनीसही हसले आणि त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं. बाईंना वाटलं, चला, निम्मे मार्क तर खिशात पडले.

मग दिवसभर ते लाँड्रीत फिरले. ते सगळ्यांना एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होते. साबण किती घालता? आणि हे कमी पडलं तर? या डागाचं काय करता? दोन वॉर्डांनी एकदम मागणी केली तर आधी कुणाला? प्रत्येक जणी अभिमानाने एकच उत्तर देत होती, "बाई सांगतात तसं." धाकटीने तर छाती फुगवून सांगितलं, "आमच्या बाईंना सगळं तोंडपाठ आहे, साहेब. आम्हाला काही लक्षात ठेवायलाच लागत नाही."

चार-आठ दिवसांनी हॉस्पिटलच्या अधीक्षक मॅडमनी बाईंना खोलीत बोलावलं. तपासनीस तिथेच बसले होते.

"लाँड्री पहिल्या पायरीवर आहे," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा फुलला. "पहिली म्हणजे सगळ्यांत वरची ना?"

"सगळ्यांत खालची."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "साहेब, एक चादर कमी पडल्याचं दाखवा. एक! कुणाची तक्रार आहे का आमच्याबद्दल?"

"एकही नाही. बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण मी काम चांगलं की वाईट हे मोजायला आलेलो नाही. ते चांगलं कशाच्या जोरावर होतं, ते मोजायला आलोय." त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला. "असं बघा. एखाद्या घरात कात्री कुठे, औषध कुठे, जास्तीची किल्ली कुठे, सगळं एकट्या आईला ठाऊक. आई घरात आहे तोवर घर झकास चालतं. ती पहिली पायरी. मग घरातल्यांना एकेका गोष्टीची सवय लागते, आईने सांगायच्या आधी चार कामं होतात. ती दुसरी. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, प्रत्येक कामाची रीत ठरलेली असते, आणि ती सगळ्यांना माहीत असते. पाहुणा आला तरी त्याला कात्री सापडते. चौथीवर आपण किती चुकलो, किती उशीर झाला, ते मोजायला लागतो. पाचवीवर त्या मोजण्यातून रीत सुधारत जातो. पण चौथी-पाचवी लांबची गोष्ट. तुमची लाँड्री आईवर चालते."

"मग आईने काय मरायचं का?" बाई म्हणाल्या.

"नाही. पण आई आजारी पडली तर?"

बाईंना आठवलं. गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप होता, तेव्हा त्या अंगावर शाल घेऊन लाँड्रीत खुर्चीवर बसून होत्या. त्यांना ते आजवर कौतुकाचं वाटायचं. पहिल्यांदाच त्या खुर्चीकडे त्यांनी तपासनिसांच्या बाजूने बघितलं, आणि ते चित्र काही त्यांना आवडलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बाई भांडी जरा जास्तच आवाज करत घासत होत्या. काका म्हणाले, "काय झालं?"

"मी इतकी राबते म्हणून आम्ही नापास झालो."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रागावू नकोस, पण माणूस बरोबर बोलतोय. माझ्या गाडीची किल्ली ठरलेल्या खिळ्यावर असायची. मी नसलो तर दुसरा ड्रायव्हर न्यायचा. मी किल्ली खिशात घालून झोपलो असतो तर?"

"म्हणजे मी किल्ली खिशात घालून बसलेय?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"म्हणालातच की!"

काका शहाणे होते. ते लगेच वाळत घातलेले टॉवेल काढायला गेले.

रागाचे दोन दिवस गेले आणि बाई कामाला लागल्या. त्यांचा स्वभावच तो. चिडायच्या पूर्ण, पण चिडून झालं की बाह्या सरसावायच्या. आणि आता प्रश्न त्यांच्या मानापानाचा राहिला नव्हता. रोलरवरच्या रेडिओपासून घड्या घालणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांचं पोट या लाँड्रीवर होतं. कंत्राटदार आला की तो आपली माणसं आणणार, हे सांगायला तपासनीस लागत नव्हता.

ठरलं की प्रत्येक कामाची रीत लिहायची आणि ते काम जिथे होतं तिथे भिंतीवर लावायची. बाई सांगणार, धाकटी लिहिणार, कारण तिचं अक्षर चांगलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की सांगणं सोपं नाही.

"लिही. रक्ताच्या डागाला आधी गार पाणी. गरम कधीच नाही, डाग पक्का होतो."

"गार म्हणजे किती गार?"

"गार म्हणजे गार. नळाचं."

"किती वेळ ठेवायचं?"

"डाग सैल पडेपर्यंत."

"तो सैल पडला हे कसं कळतं?"

बाईंनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. कसं कळतं? कळतं, एवढंच. स्वयंपाक शिकवताना प्रत्येक आई 'मीठ अंदाजाने' म्हणते आणि तो अंदाज आपल्याला यायला किती वर्षं लागली ते विसरते, तशातलीच ही गत. शेवटी त्यांनी एक डागाळलेली चादर बादलीत घातली, स्टूल घेऊन शेजारी बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून अंदाजाचे आकडे केले. साबणाचं मापटं ठरलं. कुठल्या वॉर्डाची गाडी आधी भरायची ते ठरलं. भिजवायच्या पिंपांवर रंगाचे पट्टे ओढले, म्हणजे नव्या माणसालाही कुठलं पाणी कशाचं ते कळावं.

रेडिओची टीका चालूच होती. "आमच्या लग्नातसुद्धा एवढी यादी झाली नव्हती." पण हळूहळू तिलाही गोडी लागली. रोलरवर चादर कशी घ्यायची हा कागद तिने स्वतः सांगितला, आणि तो सगळ्यांत लांबलचक झाला.

सहा-सात महिन्यांनी तपासनीस पुन्हा आले. भिंती कागदांनी भरलेल्या. अक्षर मोत्यासारखं. बाई या वेळी लांब कोपऱ्यात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, मुद्दाम. तपासनिसांनी एकेक कागद वाचला. मान हलवत होते, खूश दिसत होते. मग ते पुन्हा पहिल्या कागदाशी आले आणि नुसती शेवटची ओळ वाचत भिंतीभिंतीने निघाले.

"धाकट्या बाई, जरा इकडे या," ते म्हणाले. "या सगळ्या कागदांच्या खाली काय लिहिलंय?"

धाकटीने वाचलं. "अडलं तर बाईंना विचारा."

"आणि इथे?"

"अडलं तर बाईंना विचारा."

"इथे तर आणखी पुढे आहे."

धाकटीचा आवाज बारीक झाला. "बाई नसतील तर बाईंच्या घरी जा. दार जोरात वाजवा, काकांना कमी ऐकू येतं."

रेडिओ फस्सकन हसली आणि तिने तोंडावर एप्रन धरला. बाईंना हसावं की रडावं कळेना. ही ओळ त्यांनी सांगितली नव्हती. धाकटीने आपल्या मनाने घातली होती, काळजीपोटी, आणि कुणालाच तिच्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांनीही ती रोज वाचली होती. चूक तर नव्हतीच. तिथली रीतच ती होती.

"एवढे रस्ते बांधलेत तुम्ही," तपासनीस म्हणाले, "आणि सगळे बाईंच्या दाराशी येऊन संपतात. दुसरी पायरी नक्की देतो. तिसरी नाही देता येत."

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"अजून थोडे दिवस आहेत. शेवटच्या ओळीत अडल्यावर दुसरं काय करायचं ते लिहा. आणि मग बाई, तुम्ही आठवडाभर रजा घ्या. मी इथे बसून बघतो."

"मी इथेच असले पण बोलले नाही, तर?"

"तुम्ही इथे आहात आणि बोलत नाही? तेवढं तर मीसुद्धा लिहून देऊ शकणार नाही," तपासनीस म्हणाले, आणि या वेळी बाईही हसल्या.

रजा. बाईंनी एवढ्या वर्षांत लग्नाकार्याची एकेक दिवसाची रजा सोडली तर रजा घेतली नव्हती. काका म्हणाले, "तुझ्या बहिणीकडे जाऊ या." पण लांब जायला बाईंचा जीव होईना. घरातच राहायचं, खिडकीचे पडदे ओढायचे आणि दार उघडायचं नाही, असं ठरलं. लाँड्रीतल्या सगळ्यांना बजावून झालं. बाईंच्या घरी कुणी जायचं नाही, फोन करायचा नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी कपाट आवरलं. दुसऱ्या दिवशी आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. पडद्याच्या फटीतून लाँड्रीचं मागचं दार दिसत होतं. धुतलेल्या कापडांच्या गाड्या बाहेर पडताना त्या मोजत होत्या आणि काका त्यांना पडद्यापासून ओढत होते. "तू तुरुंगात आहेस की घरात?" ते म्हणायचे.

मधल्याच एका सकाळी चहा कपात होता. बाई समोर बसलेल्या होत्या. काका पेपर न वाचता नुसते समाधानाने फुंकर घालत होते. आणि दार वाजलं. आधी एकदा, मग जरा थांबून दोनदा.

दोघंही जागच्या जागी थिजली.

"बाई!" धाकटीचा आवाज. "बाई, म्हातारी पुन्हा बसलीय. दार उघडत नाहीये. आत ऑपरेशनचे कपडे आहेत, बाई!"

बाई उठल्या. काकांनी त्यांचा हात धरला नाही, नुसतं बघितलं. बाई दारापर्यंत गेल्या. कडीवर हात ठेवला. पलीकडे धाकटीचा धापा टाकण्याचा आवाज येत होता. दोन धपाटे आणि एक धक्का, झालं काम. ही कडी काढायची आणि चपला घालायच्या, की झालंच. आणि मग वर्षअखेर कंत्राटदाराची गाडी मागच्या दाराशी उभी राहणार, आणि ही पोरगी कुठे जाणार?

"बाई, आहात ना तुम्ही? चहाचा वास येतोय."

बाईंनी कपाळ दाराला टेकवलं. काका तोंडावर बोट ठेवून उभे होते, आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, हसण्याचं की कशाचं कोण जाणे.

मग धाकटी स्वतःशीच म्हणाली, "अरे देवा, यायचं नव्हतं ना." आणि चपलांचा आवाज लांब गेला.

तो दिवस बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. ऑपरेशनच्या कपड्यांना उशीर झाला असेल. वरून फोन आले असतील. त्या दुपारी जेवल्या नाहीत आणि काकांनी आग्रह केला नाही. पडद्याच्या फटीतून दुपारी एक माणूस हत्यारांची पेटी घेऊन लाँड्रीत जाताना दिसला आणि बऱ्याच वेळाने बाहेर येताना. गाड्या उशिरा निघाल्या, पण निघाल्या.

रजा संपल्यावर बाई कामावर गेल्या तेव्हा सगळं ऐकायला मिळालं. सांगायचं काम अर्थातच रेडिओचं.

"अहो बाई, ही धाकटी तुमच्याकडून परत आली, तोंड असं एवढंसं. मी म्हटलं, दार उघडलं का? म्हणते, नाही. मग आम्ही सगळ्या म्हातारीसमोर उभ्या. मी दोन धपाटे मारून बघितले, माझाच हात सुजला. मग धाकटी म्हणाली, कागद बघू. कागदावर शेवटची नवी ओळ आहे ना, दुरुस्ती खात्याला फोन करा. केला. वर ऑपरेशन थिएटरमध्येपण फोन केला, उशीर होतोय, कपाटातले जास्तीचे कपडे काढा. त्यांच्याकडे होते की! आपल्याला माहीतच नव्हतं. दुरुस्तीवाला आला, दार खोललं, आतून एवढीशी स्प्रिंग काढली, म्हणाला ही कधीची मोडलीय? एवढी वर्षं काय करत होतात? मी म्हटलं, धपाटे मारत होतो."

बाई म्हातारीपाशी गेल्या. दाराला हात लावला. एका बोटाने उघडलं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा उघडलं. इतक्या वर्षांत दुरुस्ती खात्याला बोलवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते दुपारी येणार, तोवर मी मारते ना धपाटा.

तपासनीस शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. "तिसरी पायरी," ते म्हणाले, आणि टाळ्यांत त्यांचं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. म्हणून त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं. "धाकट्या बाईंनी मला स्वतःहून सांगितलं की त्या एकदा बाईंच्या घरी गेल्या होत्या. मी ते लिहिलंय. आणि दार उघडलं नाही, हेही लिहिलंय. ते उघडलं असतं तर मला दुसरीच द्यावी लागली असती."

धाकटी मान खाली घालून उभी होती. "पायच तिकडे वळले, साहेब," ती म्हणाली. "दारात पोचल्यावर आठवलं."

अधीक्षक मॅडमनी जाहीर केलं की लाँड्री आहे तिथेच, आहे त्याच माणसांसह राहील. रेडिओने बाईंना मिठी मारली, मग तपासनिसांनाही मारायला निघाली होती, पण ते चपळाईने बाजूला झाले.

त्यानंतरचे दिवस सुरळीत गेले. काकांचा चहा आता रोज गरम असतो, समोर बायको असते, पेपर आहे, कुणी हाक मारत नाही. पहिला आठवडा काका इतके खूश होते की त्यांनी शेजाऱ्यालाही बोलावून चहा पाजला. बाई समोर बसतात, घोट घेतात, कान मात्र दाराकडे. कुणी येत नाही. लाँड्रीत गेलं की काम चाललेलं असतं. कुणी काही विचारत नाही. परवा त्यांनी बघितलं, चादरीची घडी आता वेगळ्या तऱ्हेने घालतात. कोपरे आत घेऊन. का म्हणून विचारलं तर धाकटी म्हणाली, "वॉर्डातल्या नर्सनी सांगितलं, अशी लवकर उलगडते. आम्ही कागदावर बदललंसुद्धा." घडी खरंच चांगली होती. बाईंनी ती उलगडून परत घातली, आणि गठ्ठ्यावर ठेवून दिली.

त्याच संध्याकाळी सुटी झाल्यावर सगळ्या एप्रन खुंटीला लावून निघाल्या. धाकटी शेवटी होती. बाईंनी तिला दारात थांबवलं.

"काय बाई? काही राहिलं का माझं?"

"काही नाही राहिलं. तू सकाळी आमच्या घरावरूनच येतेस ना?"

"हो. पण आता नाही येत मी विचारायला, शप्पथ. आता काही अडतच नाही."

"तेच," बाई म्हणाल्या. "येता-जाता दार वाजवत जा. काम नसलं तरी."